लूप गेला, खर्च कुठे गेला?

मॅप आणि फिल्टर या प्रोग्रामिंगमधल्या जुन्याजाणत्या क्रिया. यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच फंक्शन चालवून नवी यादी घ्यायची, हा मॅप. अटीत बसतील तेवढेच घटक ठेवायचे, हा फिल्टर. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० सालच्या लिस्पवरील निबंधात ‘मॅपलिस्ट’ भेटतोच. तरी सी, फोरट्रानसारख्या कंपाइल होणाऱ्या, वेगाचा अभिमान मिरवणाऱ्या भाषांनी या दोघांना बराच काळ ओसरीवरच बसवून ठेवलं.

कारण खर्चाचं होतं. दहा लाख आकड्यांवर एकामागून एक दोन मॅप आणि मग एक फिल्टर लावला, की सरळसोट पद्धतीत मधल्या दोन याद्या मेमरीत उभ्या राहतात आणि लगेच टाकून द्याव्या लागतात. शिवाय घटकागणिक फंक्शनला हाक मारायची ती वेगळीच. साधा फॉर लूप यातलं काहीच करत नाही.

गंमत अशी, की लूपच्या या शैलीवर जाहीर तोफ डागली ती फोरट्रानच्याच जनकाने. जॉन बॅकस यांनी १९७७च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, एका वेळी एकेक शब्द हलवत बसणाऱ्या प्रोग्रामिंगचे वाभाडे काढले. दोन सदिशांचा अंतर्गुणाकार त्यांनी लूपशिवाय मांडून दाखवला: जोड्या लावा, प्रत्येक जोडीचा गुणाकार करा, सगळ्यांची बेरीज घ्या. त्यातली मधली पायरी म्हणजे निखळ मॅपच.

मग मधल्या याद्यांचं काय करायचं? फिलिप वॅडलर यांनी १९८८मध्ये त्या कंपाइलरकडूनच पुसून टाकण्याची रीत मांडली. पुढे हॅस्केल भाषेच्या कंपाइलरने त्या वाटेवर बरीच मजल मारली.

सी प्लस प्लसची वाट मात्र नागमोडी. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांची एसटीएल ही लायब्ररी १९९४मध्ये भाषेच्या प्रमाण समितीने स्वीकारली आणि १९९८च्या अधिकृत प्रमाणात ‘ट्रान्सफॉर्म’ या नावाने मॅप आला. फिल्टरसाठी मात्र ‘रिमूव्ह कॉपी इफ’ वापरून अट उलटी लिहावी लागे. सरळ ‘कॉपी इफ’ उगवला तो थेट २०११मध्ये. जागच्या जागी लिहायची बिननावाची फंक्शन्स, म्हणजे लॅम्डा, तीही त्याच साली आली. तोवर एवढ्याशा अटीसाठी दूर कुठेतरी वेगळं फंक्शन किंवा क्लास लिहायचा. त्यापेक्षा लोक लूप लिहीत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

२०२०च्या प्रमाणात रेंजेस आल्या. आता पायऱ्या उभ्या रेघेने जोडता येतात आणि मधली यादी बनतच नाही. पण एक ते चार या आकड्यांचे वर्ग करून त्यातले सम तेवढे ठेवून पाहा. वर्ग काढणारं फंक्शन चारदा नव्हे, सहादा चालतं! फिल्टर अट तपासायला एकदा किंमत मागतो आणि चाळणीतून उतरलेल्या ४ आणि १६साठी ती वाचताना पुन्हा मागतो. वर्गाच्या जागी फाइल वाचणं असतं तर?

रस्ट भाषेत हाच हिशेब चारवर थांबतो, कारण तिथे पुढचा घटक मागणं आणि तो हातात पडणं ही एकच क्रिया आहे. तिथलेही मॅप-फिल्टर आळशी: ‘कलेक्ट’ किंवा ‘सम’सारखं कुणी शेवटी मागितल्याशिवाय काडीही हलवत नाहीत. नुसता मॅप लिहून सोडला तर कंपाइलर इशारा देतो. प्रत्येक पायरीला स्वतःचा टाइप असल्याने, ऑप्टिमायझेशन चालू असेल तर, हाका जागच्या जागी उलगडता येतात आणि बहुतेकदा हाताने लिहिलेल्या लूपच्या तोडीचा मशीन कोड निघतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना मात्र तीच साखळी चांगलीच रेंगाळते. वेगाची तुलना त्या अवस्थेत करणं व्यर्थ.

गो भाषेने मात्र लूपचाच हट्ट धरला. २०२२मध्ये जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन अनेक टाइपांसाठी लिहायची सोय, आले, २०२४मध्ये लूपमध्ये चालणारे इटरेटर आले. तेव्हाही प्रमाण लायब्ररीत कुठल्याही यादीवर चालणारी सर्वसाधारण मॅप, फिल्टर फंक्शन्स नव्हतीच. गोच्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक यांनी तशी फंक्शन्स त्याआधीच स्वतः लिहून पाहिली होती, आणि सोबत सल्ला जोडला होता: हे वापरू नका, फॉर लूप वापरा.