सियामी मांजरीचे काळे तोंड

सियामी मांजरीचे पिल्लू जन्मते तेव्हा जवळजवळ पांढरे असते. मग हळूहळू कान, नाक, पंजे आणि शेपटी काळपट होऊ लागते. घरातली मंडळी घाबरतात. बुरशी लागली का, विकणाऱ्याने फसवले का? कुणी मलमही चोळतात. त्याची काही गरज नसते.

या मांजरीच्या शरीरात रंग तयार करणारे एन्झाइम जन्मतःच जरा वेगळे असते. ते उबेत काम करत नाही, गारव्यात करते. मांजरीच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. कान, पंजे, शेपटी, तोंड त्या मानाने थंड, म्हणून तिथेच रंग उतरतो. आईच्या पोटात मात्र सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू पांढरे. वय वाढले की अंगही गडद होत जाते. ऑपरेशनसाठी पोटावरचे केस काढले तर तिथे नवे केस काळपट उगवू शकतात. पुढे केस गळून नवे आले की बहुधा पहिल्यासारखे होतात.

निळ्या डोळ्यांचे मूळही तेच, रंगाची कमतरता. त्याच कारणाने डोळ्यांतून मेंदूकडे जाणारे काही तंतू वेगळ्या बाजूला वळतात आणि काही मांजरी तिरळ्या दिसतात. आपल्याकडे काही बुजुर्ग अशा डोळ्यांचा संबंध थेट जिन्नाशी जोडतात आणि मांजर दाराबाहेर काढायला सांगतात. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीपुढे कलते केले होते आणि मांजर नापाक नाही हे रसूलुल्लाह (स.) यांचे फरमान सांगितले होते. त्यात निळ्या डोळ्यांचा अपवाद नाही.

सियाम म्हणजे आजचा थायलंड. १८८४ मध्ये बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतील एडवर्ड गूल्ड यांनी फो आणि मिया ही जोडी बहिणीसाठी इंग्लंडला नेली. पुढे पाश्चात्त्य शौकिनांनी तिरळेपणा आणि वाकडी शेपटी निवडीने कमी केली. इथपर्यंत ठीक होते. पण मग डोके लांबट, त्रिकोणी आणि अंग काडीसारखे करण्याची चढाओढ लागली. जुनी, गोल चेहऱ्याची मांजर मागे पडली. हल्ली तिला ‘थाई’ म्हणतात. माझ्या मते घरात आणायची असेल तर तीच बरी, आणि पिल्लू निवडताना रंगापेक्षा त्याचा श्वास, दात आणि चाल आधी पाहावी.