जुन्या इमारतीतील गाळ्याची खरेदी आणि तज्ज्ञाची तपासणी

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात हक्काच्या शोधाला महाराष्ट्रात फार महत्त्व दिले जाते. वकील दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दप्तर पुष्कळ वर्षे मागे जाऊन पाहतो, मिळकतीवर बोजा आहे किंवा कसे याची खात्री करून घेतो, आणि मगच इसाराच्या पुढची रक्कम दिली जाते. परंतु ज्या भिंती, तुळया आणि स्लॅब यांच्यासाठी ही रक्कम मोजावयाची, त्यांचा शोध मात्र बहुधा खरेदीदाराच्या दोन डोळ्यांवर आणि एखाद्या अनुभवी आप्ताच्या सल्ल्यावर सोपविलेला असतो. या उणिवेचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नाहीत. ते कायद्यापर्यंत पोहोचतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यावर दोष उघड करण्याचे कर्तव्य आहे. पण ते सर्व दोषांपुरते नाही. दोष महत्त्वाचा असावा, तो विक्रेत्यास ठाऊक व खरेदीदारास अज्ञात असावा, आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदारास तो आढळण्यासारखा नसावा, अशा अटी आहेत. त्या पुऱ्या होत असता मौन पाळणे हे कपट ठरते, असे त्याच कलमाच्या अखेरीस म्हटले आहे. याचा व्यवहारातील अर्थ पाहण्यासारखा आहे. छताला पडलेली ठळक भेग खरेदीदाराने पाहिली नाही, तर दोष त्याच्या डोळ्यांचा. स्लॅबच्या पोटात गंजणारी सळई विक्रेत्यालाही ठाऊक नसेल, तर त्याचे मौन कपटाचे नव्हे. म्हणजे उभयपक्षी अज्ञात असलेल्या दोषांचा भार अखेर खरेदीदारावरच येऊन पडतो, आणि जुन्या इमारतींतील सर्वांत खर्चिक दोष नेमके याच वर्गातील असतात. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आतील संरचनेच्या दोषांची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली आहे खरी. परंतु चाळीस वर्षांच्या इमारतीतील गाळा दुसऱ्या-तिसऱ्या हातातून घेणाऱ्यास तिचा उपयोग नाही.

हे दोष का दिसत नाहीत? ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, आणि त्या अल्कतेमुळे आतील पोलादी सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जाऊन ही अल्कता नष्ट करतो. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेतील क्लोराइडांची भर पडते. संरक्षण गेले की सळई गंजू लागते. गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्याच्या दाबाने वरचे काँक्रीट फुटते आणि पोपडे सुटतात. परंतु पोपडे सुटणे ही शेवटची अवस्था होय. तत्पूर्वीच्या दीर्घ काळात पृष्ठभाग निर्दोष दिसतो. आणि पोपडे सुटले तरी विक्रीपूर्वी नवा गिलावा व रंग दिला की प्रश्न निदान एका पावसाळ्यापुरता मिटतो.

येथे अभियंत्याची साधने उपयोगी पडतात. पण त्यांचा अर्थ लावण्यास साधनाहून अधिक काही लागते. सर्वांत प्रचलित साधन म्हणजे प्रतिक्षेप-हातोडा. पृष्ठभागावर आघात करून तो किती मागे उसळतो, त्यावरून काठिण्याचा अंदाज बांधतात. गंमत अशी की कार्बनीकरणाने काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण होतो. म्हणजे ज्या विकाराने सळईचे संरक्षण गेले, तोच विकार हातोड्याचा आकडा वाढवून इमारतीस सुदृढ ठरवू पाहतो. म्हणून जाणता तपासनीस तेवढ्यावर थांबत नाही. तो छोटे छिद्र पाडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचा द्राव टाकतो. जेथे गुलाबी रंग उमटतो तेथे अल्कता शिल्लक आहे. जेथे उमटत नाही तेथे ती गेली आहे. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोहोचली किंवा नाही, हा खरा प्रश्न. काँक्रीट आतून पोकळ वा भेगाळलेले आहे काय, हे स्वनातीत स्पंदांच्या वेगावरून कळते. भारतीय मानकाच्या १९९२ च्या कोष्टकात सेकंदास ४.५ किलोमीटरहून अधिक वेग उत्कृष्ट, तर ३ हून कमी वेग शंकास्पद मानला होता. केवळ आकड्यांचा तक्ता देणारा आणि अर्थ न सांगणारा अहवाल खरेदीदाराच्या फारशा कामाचा नसतो.

गाळ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. खरेदीदार घेतो ते चार भिंतींतील क्षेत्र; पण ज्या स्तंभांवर ते उभे आहे ते सर्व सभासदांचे. एका गाळ्यातील तपासणी कितीही कसून केली, तरी तळमजल्यावरील दुकानदाराने कोणता स्तंभ कोरला हे तीत दिसत नाही. त्यासाठी संपूर्ण इमारतीची संरचनात्मक तपासणी पाहावी लागते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीसाठी तीन वर्षांतून एकदा अशी तपासणी सांगितली होती. हा अहवाल संस्थेच्या दप्तरात असतो, आणि खरेदीदार अद्याप सभासद नसतो. तथापि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याप्रमाणे सभासदास सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहता येतात. गळतीच्या तक्रारी, दुरुस्तीची वर्गणी, अभियंत्याने दिलेला इशारा ही सर्व तेथे नोंदलेली सापडतात. ती विक्रेत्यामार्फत मागविणे हे तपासणीचेच अंग समजले पाहिजे. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तीही एक माहितीच.

कर्ज देणाऱ्या बँकेच्या मूल्यमापकाने गाळा पाहिला म्हणजे तपासणी झाली, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो तारणाचे मूल्य पाहतो, आणि त्याचा अशील बँक असते. इंग्लंडमध्ये स्मिथ विरुद्ध बुश या खटल्यात धुराड्याचा खालचा आधार काढलेला असून वरचा भाग तसाच ठेवला होता. तारणासाठी आलेल्या तपासनिसाच्या ते ध्यानात आले नाही, आणि पुढे धुराडे कोसळले. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, त्या अहवालावर विसंबणाऱ्या सामान्य घरखरेदीदाराप्रतही त्याचे कर्तव्य होते, असा निर्णय दिला. परंतु असा निर्णय मिळविण्यासाठी खटला लढावा लागतो. स्वतंत्र तपासनिसाचे शुल्क त्या मानाने किरकोळ होय.

विक्रेत्याचा लाभ थोडा निराळ्या वाटेने येतो. जॉर्ज अकेरलॉफ याने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखविले की, खरेदीदारास चांगला व वाईट माल ओळखता येत नसेल, तर तो दोहोंसाठी मधलीच किंमत देऊ करतो आणि चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो. ज्याने वेळच्या वेळी दुरुस्ती केली त्या घरमालकाची स्थिती अशीच असते. डेन्मार्कमध्ये १९९६ पासून विक्रेत्याने स्थितीदर्शक अहवाल व विम्याचा देकार खरेदीदारापुढे ठेवला, तर इमारतीच्या भौतिक दोषांविषयीच्या पुढील दायित्वातून, कपटासारखे अपवाद सोडून, तो मुक्त होतो. भारतात अशी योजना नाही. परंतु तपासणीचा अहवाल साठेखतास परिशिष्ट म्हणून जोडल्यास कलम ५५ च्या दृष्टीने काय उघड केले व काय नाही, याचा लेखी पुरावा उभयतांपाशी राहतो. मात्र त्या अहवालावर तपासणीची तारीख अवश्य असावी. चैत्र-वैशाखात कोरडी दिसलेली गच्चीखालची भिंत श्रावणात कशी असेल, याविषयी त्या अहवालाने काहीही सांगितलेले नसते.