सुरक्षा पिंजरा, शर्यती मोटारगाडीतील

शर्यतीच्या मोटारगाडीत चालकाभोवती बसविलेल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यास सुरक्षा पिंजरा किंवा रोल केज असे म्हणतात. गाडी उलटली वा एखाद्या अडथळ्यावर आदळली, तर चालकाच्या बैठकीभोवतालची जागा चेपू न देणे हे त्याचे मुख्य कार्य होय. पिंजऱ्यामुळे गाडीच्या सांगाड्याची पीळ सहन करण्याची क्षमताही वाढते. परंतु हा लाभ दुय्यम होय.

इतिहास : पहिल्या महायुद्धापूर्वीच्या व त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या शर्यतींत असे संरक्षण नसे. इंडियानापोलिस येथील १९५८ च्या शर्यतीत गाडी उलटून पॅट ओकॉनर मृत्यू पावले. त्यानंतर १९५९ पासून तेथे चालकाच्या डोक्यामागे पोलादी कमान सक्तीची झाली. फॉर्म्युला वन शर्यतींत ती १९६१ पासून आवश्यक ठरली. बंद गाड्यांमध्ये या एका कमानीचाच पुढे पूर्ण पिंजरा झाला.

रचना : चालकाच्या पाठीमागील मुख्य कमान हा पिंजऱ्याचा कणा होय. तिच्यापासून मागे जाणारे दोन तिरपे आधार, पुढील काचेच्या कडेने जाणारी पुढची कमान आणि दोन्ही कमानी छताजवळ जोडणाऱ्या नळ्या मिळून मूळ चौकट होते. केवळ चौकोनी चौकट तिरप्या जोराखाली कलंडते; तीत कर्णाच्या दिशेने नळी घातली म्हणजे तिचे त्रिकोण होतात व बाजूंची लांबी बदलल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही. म्हणून नळ्या शक्यतो एकाच सांध्यात मिळाव्यात. एका नळीचे टोक दुसरीच्या मध्यावर टेकविल्यास आघाताने दुसरी वाकते. दरवाज्यातील नळ्यांचे महत्त्व ग्रेट ब्रिटनमधील २००५ च्या रॅलीत दिसून आले. तीत गाडी बाजूने झाडावर आदळून सहचालक मायकेल पार्क यांचा अंत झाला.

द्रव्य : आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमावलीतील परिशिष्ट ‘जे’ च्या कलम २५३ प्रमाणे नळ्या थंड स्थितीत ओढून केलेल्या, निर्जोड व ०·३ टक्क्यापेक्षा अधिक कार्बन नसलेल्या पोलादाच्या असाव्या लागतात. त्यांचे ताणबल दर चौ. मिमी. ला किमान ३५० न्यूटन हवे. मुख्य कमानीची नळी ४५ मिमी. बाह्य व्यास व २·५ मिमी. जाडीची किंवा ५० मिमी. व्यास व २ मिमी. जाडीची असावी. यांपैकी पहिलीचे वजन दर मीटरला सु. २·६ किग्रॅ., तर दुसरीचे सु. २·४ किग्रॅ. भरते. दुसरी हलकी असूनही वाकण्यास सु. १५ टक्के अधिक विरोध करते. मात्र ती अधिक जागा व्यापते. क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद अधिक बळकट असते; परंतु त्याचा यंग गुणांक साध्या पोलादाइतकाच असल्याने समान आकाराची नळी अधिक ताठ होत नाही. शिवाय त्याच्या वितळजोडकामास अधिक कौशल्य लागते.

निवड : प्रथम आपण ज्या स्पर्धेत भाग घेणार तिचे नियम पाहावेत, भारतात त्यांसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेची नियमावली लागू होते. पिंजरा तयार झाल्यावर नळीचा व्यास वा जाडी बदलता येत नाही. बोल्टने बसविलेला पिंजरा काढता येतो व अधूनमधून सरावासाठी उतरणाऱ्या गाडीस सोयीचा असतो. वितळजोड करून बसविलेला पिंजरा सांगाड्याशी एकजीव होतो आणि नियमित शर्यतींसाठी तोच श्रेयस्कर होय. दोन्हींत पायाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पातळ पत्र्यावर टेकविलेली कमान आघातात पत्रा फोडून खाली जाते. यासाठी दोन्ही कमानींच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी. जाड व १२० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची पट्टी आणि ८ मिमी. चे किमान तीन बोल्ट सांगितले आहेत. नळी वाकविताना मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी व वाकाशी सुरकुती पडू नये.

मर्यादा : पिंजरा एकटा पुरेसा नसतो. शिरस्त्राण, अनेक पट्ट्यांचा सुरक्षा पट्टा आणि घट्ट बसविलेली बैठक यांखेरीज त्याचा उपयोग अपुरा राहतो. डोके पोहोचेल अशा ठिकाणी नळ्यांवर प्रमाणित गादी असावी लागते. रस्त्यावर नेहमी वापरावयाच्या गाडीत पूर्ण पिंजरा बसविल्यास शिरस्त्राण न घातलेल्या प्रवाशाचे डोके साध्या धडकेतही नळीवर आपटून गंभीर इजा होऊ शकते. अशा गाडीस पिंजरा नसणेच अधिक सुरक्षित ठरते. इटलीतील २०११ च्या एका रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा गाडीत घुसून रॉबर्ट कुबिट्झा यांना गंभीर दुखापती झाल्या. भेदून आत येणाऱ्या वस्तूपासून नळ्यांचा सांगाडा पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. तसेच मोठ्या अपघातानंतर वरकरणी धड दिसणारा पिंजराही तज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. वाकलेली नळी सरळ करून तिची मूळची क्षमता परत मिळत नाही.