जुनी गाडी ठेवावी की काढावी?

व्यापारी कुटुंबात दोन गाड्या असणे ही आता चैन राहिलेली नाही. एक गाडी दुकान, गोदाम, बाजार समिती आणि परगावची वसुली यांसाठी धावते; दुसरी शाळा, दवाखाना, मंदिर आणि पाहुण्यांची ने-आण सांभाळते. बहुधा पहिली नवी असते आणि दुसरी दहा-बारा वर्षांची. दसरा किंवा पाडवा जवळ आला की घरात विषय निघतो : जुनी काढायची का? मुलांना नवी हवी असते. वडीलधाऱ्यांना चालती वस्तू विकणे रुचत नाही. मालाच्या खरेदीत पैशापैशाचा हिशेब करणारे घर या प्रश्नावर मात्र अंदाजाने बोलते.

हिशेब मांडून पाहावा. जुनी पेट्रोल गाडी वर्षाला ४,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १५ किलोमीटर देते, असे समजू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरल्यास वर्षाचा इंधनखर्च सुमारे २८,००० रुपये होतो. लिटरला २० किलोमीटर देणारी नवी गाडी तेवढ्याच अंतराला २१,००० रुपयांचे पेट्रोल घेईल. बचत झाली ७,००० रुपयांची. आता दुसरी बाजू. विम्याच्या प्रचलित घसारा-तक्त्यानुसार गाडीचे मूल्य पाच वर्षांत निम्मे होते. म्हणजे आठ लाखांच्या गाडीत दरवर्षी सरासरी ८०,००० रुपये विरतात. तेच आठ लाख धंद्यात ९ टक्क्यांनी गुंतले असते तर त्यांचे वर्षाचे ७२,००० रुपये झाले असते. तेव्हा जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर वर्षाला ३०-४० हजार रुपये गेले, तरी निव्वळ पैशाच्या दृष्टीने तीच स्वस्त पडते. ‘दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, म्हणून नवी घेतली’ हे वाक्य कानाला पटते. वहीत मात्र ते क्वचितच टिकते.

मग जुनी गाडी कधी काढूच नये काय? तसे नाही. काही प्रश्न पैशापलीकडचे असतात आणि निर्णय खरा तिथे होतो.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस ब्रेक आणि चालकासाठी एअरबॅग २०१९ मध्ये बंधनकारक झाली. शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग त्यानंतर आली. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त मोटारींत यांपैकी काहीच नसते. आणि अशा गाडीत बसते कोण? कर्ता पुरुष नवी गाडी घेऊन एकटाच गावातल्या दुकानापर्यंत जातो, तर सून आणि मुले जुन्या गाडीतून महामार्गाने माहेरी किंवा कुंथलगिरी, बाहुबलीच्या यात्रेला निघतात. नवी गाडी घेण्याआधी ही वाटणी बदलावी. गाडी माणसाच्या मानाप्रमाणे न देता प्रवासाप्रमाणे द्यावी : लांबचा रस्ता, रात्रीची वेळ आणि गाडीत मुले असतील तर सुरक्षित गाडी त्यांची. एवढ्याने भागत नसेल, दोन्ही गाड्यांना नियमित महामार्गावर जावे लागत असेल, तर जुनी बदलण्याचे ते सर्वांत सबळ कारण होय.

दुसरा प्रश्न भरवशाचा. बॅटरी, टायर, क्लच, ब्रेक यांची झीज हा वयाचा धर्म आहे. त्यांवर खर्च करावा. परंतु सांगाड्याला खालून गंज चढला असेल, तोच दोष दुरुस्तीनंतरही परतत असेल किंवा सुट्या भागांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागत असेल, तर ती गाडी ठेवण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा विश्वासू मेकॅनिककडून गाडी उचलून खालची बाजू तपासून घ्यावी.

तिसरा प्रश्न कायद्याचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणून चौदावे वर्ष लागले की निर्णय पुढे ढकलू नये. गाडी अधिकृत केंद्रात भंगारात दिल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते.

याखेरीज एक तिसरा मार्ग असतो, जो सहसा कोणी बोलून दाखवत नाही : जुनी काढावी आणि नवी घेऊच नये. महिनाभर एका वहीत नोंद ठेवावी, की दोन्ही गाड्या एकाच वेळी बाहेर होत्या असे दिवस किती. ते तीन-चारच निघाले, तर त्या दिवसांपुरती रिक्षा किंवा भाड्याची गाडी पुष्कळ स्वस्त पडेल.

विकण्याचे ठरल्यास एक पथ्य कटाक्षाने पाळावे. जुनी गाडी चालकाला किंवा ओळखीच्या माणसाला विश्वासावर देण्याची आपल्याकडे रीत आहे. कागद मात्र तसेच राहतात. अशा गाडीकडून अपघात घडल्यास, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईस जबाबदार राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नावबदल करूनच चावी द्यावी. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. तो नव्या पॉलिसीत वळवून घ्यावा. गाडी पेढीच्या नावावर असेल, तर विक्रीची रक्कम पेढीच्याच खात्यात जमा करावी आणि घसाऱ्याच्या हिशेबात सनदी लेखापालाकडून तिची नोंद करून घ्यावी.

शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी आली, हे आपली जुनी काढण्याचे कारण नव्हे. आणि ‘अजून चालते आहे’ एवढेच ती ठेवण्याचेही कारण नव्हे. त्या गाडीत कोण बसते आणि कोणत्या रस्त्याने जाते, याचे उत्तर घरातील सर्वांनी एकत्र बसून द्यावे. मुहूर्त त्यानंतर पाहावा.