संगणकाची नवी आवृत्ती आणि मराठी लिहिणाऱ्याच्या अपेक्षा

‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणारी नित्याची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ‘विंडोज ११’ ही पुढची आवृत्ती २०२१ सालीच आली होती; परंतु तिच्यासाठी यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट सोय असावी लागते, आणि जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते. बडोद्यातील आमच्या शाळेच्या संगणकखोलीतील बहुतेक यंत्रे या परीक्षेत अनुत्तीर्ण झाली. नवी यंत्रे घ्यावयाची, की जुन्यांवरच लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवावयाची, हे ठरविण्यासाठी मी शिक्षकांची बैठक बोलाविली. गणिताच्या शिक्षकांनी वेगाची चौकशी केली, लिपिकांनी खर्चाची. मराठीच्या शिक्षिकांनी मात्र एवढेच विचारले, “सर, नव्या आवृत्तीत ‘दऱ्या’ सापडतील का?”

सारे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तोच प्रश्न आहे.

प्रथम प्रणाली म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. शाळेच्या कचेरीत मुख्य लिपिकाचे जे स्थान, तेच संगणकात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’चे. आलेला कागद घेणे, तो कोणत्या फायलीत जावयाचा हे ठरविणे, मागितला की काढून देणे, आणि कोणासही एकमेकांच्या कामात लुडबूड करू न देणे, ही तिची कामे. कळ दाबली की पडद्यावर कोणते अक्षर उमटावे, हेही तीच पाहते. असा लिपिक बदलला की कचेरीची जी तारांबळ उडते, तीच नव्या आवृत्तीच्या वेळी उडते. म्हणून जगभरचे वापरणारे तिच्याकडून जे मागतात ते फारसे निराळे नसते: काम चालू असता यंत्र आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होऊ नये, हाताला सवय झालेल्या वस्तू जागच्या हलू नयेत, जुने यंत्र टाकून द्यावे लागू नये. या मागण्या रास्त आहेत, आणि त्या मांडणारे पुष्कळ आहेत. मराठी लिहिणाऱ्याच्या ज्या खास गरजा आहेत, त्या मांडणारे मात्र थोडे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. ‘क’ला एक क्रमांक, ‘ख’ला दुसरा, असे ठरवून दिल्याखेरीज त्याचे चालत नाही. पूर्वी प्रत्येक अक्षरसंच करणारा आपापले क्रमांक ठरवीत असे, आणि ते बहुधा रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. १९९९ साली आम्ही शाळेची एक स्मरणिका अशाच संचात जुळविली. काही वर्षांपूर्वी ती चकती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थहीन ढीग दिसला. छापील प्रत एकच उरली होती, म्हणून सगळा मजकूर पुन्हा टंकलिखित करता आला. कागदाला वाळवी लागते हे आपणांस ठाऊक होते. आकड्यांनाही लागते हे तेव्हा समजले.

या अनवस्थेवर उपाय म्हणून १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक मान्य झाले. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एकत्र क्रमांक देणारी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या. घराघरांतील संगणकात ही सोय ‘विंडोज २०००’पासून आली. गंमत अशी की त्या आवृत्तीत मराठी होती, पण गुजराती नव्हती. ती २००१ च्या ‘एक्सपी’त आली. आमच्यासारख्या दुभाषी गावाला त्या अवधीत अर्धेच काम यंत्रावर करता येत होते. आता ‘इन्स्क्रिप्ट’ कळपाटावर ज्या कळीवर मराठी ‘क’ असतो तिच्यावरच गुजराती ‘ક’ असतो. मूल एकदा हात बसवते आणि दोन्ही भाषा लिहिते. बडोद्यातल्या शिक्षकाला यापरते वरदान कोणते?

आता ‘दऱ्या’कडे वळू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटल्यास व्याख्यान होईल, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटल्यास जेवण. हा भेद मराठीचा स्वतःचा आहे. हिंदीला त्याची गरज नाही. संगणकात हे आडवे, पापणीसारखे अर्धे ‘र’ दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. परिणामी एका शिक्षकाने पहिल्या रीतीने लिहिलेला भूगोलाचा पाठ दुसरा शिक्षक दुसऱ्या रीतीने शोधू लागला, की यंत्र निर्विकारपणे सांगते: असा शब्द नाही. आमच्या शिक्षिकांनी असाच एक धडा दोनदा लिहून काढला होता. म्हणून तो प्रश्न.

‘ॲ’ची कथा याहून बोधप्रद आहे. ‘ॲल्युमिनियम’, ‘ॲसिड’ हे शब्द आपण नित्य लिहितो. पण युनिकोडमध्ये या स्वराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर कोणी ‘अ’वर चंद्रकोर जोडून काम भागवी, तर कोणी हिंदी पद्धतीचे ‘ऍ’ वापरी. तिन्ही रूपे आजही आपल्या कागदपत्रांत मिसळलेली आहेत. जागा मिळाली म्हणजे जुने लेखन आपोआप सुधारत नाही. शोध घेताना या तिन्हींस एकच मानणे हे प्रणालीचे काम आहे, आणि ते तिच्याकडून मागितले पाहिजे.

वर्णक्रमाचेही तसेच. शाळेत आपण ‘ह’नंतर ‘ळ, क्ष, ज्ञ’ म्हणवून घेतो. केवळ क्रमांकांवर विसंबणारे यंत्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसविते, त्यामुळे हजेरीपटात काळे हे कावळ्यांच्या आणि काशीकरांच्या आधी येतात, आणि ज्ञानदा ‘ज’च्या रांगेत शेवटी उभी राहते. मराठीचा क्रम प्रणालीत नोंदता येतो. प्रत्येक आज्ञावली त्याची दखल घेतेच असे नाही.

अक्षराच्या वळणाचा प्रश्न काहींना किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही. दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ यांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच आहे. कोणते वळण दाखवावयाचे ते अक्षरसंचाने, मजकुराची भाषा ओळखून, ठरवावयाचे असते. मजकूर मराठी आहे हे यंत्राला कोणी सांगितलेच नसेल तर ते बहुधा हिंदी वळण काढते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली. तरीही मुलाच्या पाटीवर एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा, ही स्थिती टिकून आहे. इथल्या मुलांना तर याचे विशेषच नवल वाटते, कारण गुजराती ‘લ’ हा शिरोरेषा काढून घेतलेल्या आपल्याच ‘ल’सारखा आहे.

यंत्रावरील सूचना मराठीत दिसाव्यात, हीही एक अपेक्षा असते. ती सोय पूर्वीपासून आहे, परंतु शिक्षक ती लावतात आणि आठवड्याने काढून टाकतात. शब्द अर्थ लागण्यापूर्वीच थकवितात. १९३१ साली बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला. त्यात कारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतील प्रतिशब्द शेजारीशेजारी दिले आहेत. शेजारच्या भाषेत काय रूढ आहे हे पाहून शब्द निवडण्याची ती रीत आजच्या भाषांतरकारांनी एकदा डोळ्यांखालून घालावी. ‘फाइल’ला ‘फाइल’ म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आमच्या बैठकीत अखेर असे ठरले की जुन्यांपैकी दोन यंत्रांवर प्रथम विनामूल्य प्रणाली बसवून पाहावी. त्यासाठी शिक्षिकांनी एक कागद तयार केला. त्यावर ‘दऱ्या’ आणि ‘आचाऱ्यांना’ दोन्ही रीतींनी, ‘ॲसिड’ तिन्ही रीतींनी, क्रम लावण्यासाठी ‘काळे, कावळे, काशीकर, क्षितिज, ज्ञानदा’ ही नावे, आणि वळण पाहण्यासाठी ‘शाल’ हा शब्द आहे. जी प्रणाली घ्यावयाची तिच्यावर आधी हा कागद चालवून पाहावयाचा, आणि जिथे ती अडखळेल ते निर्मात्यांना लिहून कळवावयाचे. विनामूल्य प्रणालींत अशी दुरुस्ती कोणासही सुचविता येते. विकत मिळणाऱ्यांतही तक्रार नोंदविण्याची व्यवस्था असते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याने मात्र तिथे काही घडत नाही. कोणता शब्द, कोणत्या रीतीने लिहिला आणि काय दिसावयास हवे होते, हे सांगावे लागते. हे काम अभियंत्याचे नसून भाषेच्या शिक्षकाचे आहे. परिषदेच्या सभासदांपैकी ज्यांना असे अडणारे शब्द आढळले असतील, त्यांनी ते कळविल्यास आमच्या कागदात त्यांची भर घालू.