सणांच्या दिवशीचे पाळीनियोजन

सणांच्या दिवशीचे पाळीनियोजन म्हणजे रुग्णालये, अग्निशमन केंद्रे, वीजनिर्मिती केंद्रे, रेल्वे यांसारख्या अहोरात्र चालणाऱ्या ठिकाणी सणावारी कामावर कोणी यावे, हे ठरविण्याची पद्धती होय. एरवीच्या पाळ्या तासांच्या हिशेबाने वाटता येतात. सणाच्या पाळ्यांना तो हिशेब पुरत नाही, कारण भाऊबीज चार दिवसांनी मिळालेल्या सुटीत साजरी होत नाही.

कायदेशीर तरतुदी

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मिळाली. अखंड चालणाऱ्या कामात सर्वांना एकच दिवस मोकळा देता येत नाही. म्हणून कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये हुकलेल्या साप्ताहिक सुटीबद्दल त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत बदली सुटी देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला ८ भरपगारी सणसुट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या असून उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्षारंभापूर्वी संमतीने निश्चित करावयाच्या असतात. त्या दिवशी काम केल्यास दुप्पट वेतन व बदली सुटी मिळते. मात्र काम कोणाच्या वाट्याला यावे, हे या तरतुदी सांगत नाहीत.

तारीख आणि पाळी

पाळीपत्रकात सण तारखेने लिहिला जातो. घरात तो विशिष्ट प्रहरी येतो. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटेचे असल्यामुळे ते आदल्या रात्रीच्या पाळीत हुकते. लक्ष्मीपूजन सायंकाळी असल्याने दुसऱ्या पाळीचे जाते. ईदची नमाज सकाळी होते, तर नाताळची प्रार्थनासभा २४ डिसेंबरच्या रात्रीच असते. त्यामुळे रात्रपाळी संपवून सकाळी सात वाजता घरी परतलेल्या परिचारिकेच्या नावावर कागदोपत्री सुटी दिसते. तिचा दिवस मात्र झोपेत जातो. न्याय्य वाटणीसाठी पाळ्या मोजाव्या लागतात, नुसत्या तारखा नव्हेत.

फिरत्या चक्राची अडचण

‘पाळ्या आपोआप फिरतात, म्हणजे सणही फिरतील’ हा समज अर्धाच खरा आहे. चार गटांचे २८ दिवसांचे चक्र घेतल्यास ३६४ दिवसांत बरोबर १३ चक्रे पूर्ण होतात. त्यामुळे १ मे किंवा नाताळ पुढील वर्षी चक्रात केवळ एका दिवसाने, लीप वर्षाच्या फरकाने दोन दिवसांनी, सरकतो आणि तोच गट पुन्हा कामावर सापडू शकतो. तीन गटांच्या साप्ताहिक चक्रात ही अडचण सहसा येत नाही; ५२ ला तीनने भागल्यास एक उरतो व गट पुढच्या पाळीत जातो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, अधिकमासासह सुमारे ३८४ दिवसांचे असल्यामुळे दिवाळी, गणेशचतुर्थी यांचे स्थान मात्र बरेच बदलते.

प्रचलित पद्धती

चिठ्ठ्या टाकणे वरवर निःपक्षपाती दिसते. पण चिठ्ठीला गतवर्षाची आठवण नसते. ज्येष्ठतेनुसार निवड दिल्यास, जेथे माणसे फारशी बदलत नाहीत, तेथे नव्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. त्यापेक्षा सणनिहाय नोंदवही अधिक विश्वसनीय ठरते. ज्याने गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाची पाळी केली, त्याचे नाव यंदा त्या पाळीसाठी शेवटी येते. प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाचे वाटणारे दोन-तीन सण आधी कळविल्यास विविध धर्मांच्या सहकाऱ्यांत अदलाबदल सहज होते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना सलग दिवस लागतात; त्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

‘त्याला कुठे मुलेबाळे आहेत’ या सबबीखाली अविवाहितांवर लादलेल्या पाळ्या अदलाबदल म्हणून नोंदविणे योग्य नव्हे. कंत्राटी सफाई कामगार व सुरक्षारक्षक यांची नावे पुष्कळदा या नोंदवहीत नसतातच. त्यांचे पाळीपत्रक कंत्राटदार स्वतंत्रपणे लावतो.