मेलेल्या माणसाला दुखतं तेव्हा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीचे पत्ते असत. पत्त्यावर पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या फाइट्स आणि जिंकलेल्या फाइट्स. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता काढून घ्यायचा. मधल्या सुट्टीत हा हिशेब चोख चालायचा. पण प्रोफेशनल रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे एकदा कळलं की शेवटच्या रकान्यात काही राम उरत नाही. अंडरटेकर या पैलवानाने रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, २५ सामने जिंकले आणि २ हरला, हे खरं. पण ते २५ विजय त्याला कंपनीने दिले होते, तसेच ते दोन पराभवही. मग तीस वर्षांची कारकीर्द मोजायची कशाने?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न जास्तच टोचतो. तिथे नूरा कुस्तीचा नुसता वास आला तरी पब्लिक हुर्यो उडवतं. इथे सगळा मामलाच संगनमताचा, त्यामुळे कसब दुसरीकडे शोधावं लागतं: समोरच्याला इजा न करता इजा झाल्याचं पटवणं, आणि हजारो लोकांना ठरलेल्या निकालाचा विसर पाडणं. पडणं मात्र खोटं नसतं. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळसा फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी सांगाडा असतो. दीडशे किलोच्या आसपासचा माणूस त्यावर पाठीवर आदळतो, तेव्हा पाठ त्याची स्वतःचीच असते.

मार्क कॅलवे हा टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, जन्म २४ मार्च १९६५ चा. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला. २२ नोव्हेंबर १९९० ला हार्टफर्डमध्ये सर्व्हायव्हर सिरीजच्या रात्री तो पहिल्यांदा अंडरटेकर म्हणून आला. काळा लांब कोट, काळी हॅट, करडे हातमोजे आणि रिंगपर्यंत पोचायला लागणारा तो जीवघेणा वेळ. वर्षभरात त्याने हल्क होगनला हरवून किताब घेतला. आपल्याकडे तोवर ‘तो सात वेळा मेलाय आणि दर वेळी परत येतो’ ही बातमी चाळी-वाड्यांतून पक्की झाली होती. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलून आपटलं, तेव्हा पोरांना तो खराच वाटला. पडद्यावर होता ब्रायन ली. गंमत अशी की, १९९४ च्या समरस्लॅममध्ये कंपनीने खऱ्या अंडरटेकरसमोर जो तोतया अंडरटेकर उभा केला, तोही हाच ब्रायन ली.

तो तोतयाचा सामना रटाळ होता. १९९३ चा जायंट गोन्झालेझबरोबरचा तर रेसलमेनियाच्या वाईटातल्या वाईट सामन्यांत आजही धरला जातो. गोन्झालेझने क्लोरोफॉर्मचं फडकं वापरलं म्हणून अंडरटेकर जिंकला, इतकं सांगितलं तरी पुरे. पण हे सामने वाईट का, याचं उत्तर फक्त समोरच्याच्या कुवतीत नाही. मेलेल्या माणसाला दुखत नाही. कितीही मारा, तो ताडकन उठून बसतो. पहिल्यांदा हे पाहताना अंगावर काटा येतो, विसाव्यांदा जांभई. ज्याला वेदनाच नाही त्याच्या सामन्यात चढउतार आणायचा कुठून? अंडरटेकरच्या सामन्यांकडे पुन्हा पाहताना मोजायची गोष्ट हीच आहे: या माणसाने आपली अभेद्यता किती जपून, किती उशिरा आणि कोणापुढे खर्च केली.

त्यासाठी सामना आवाज बंद करून पाहावा. कॉमेंट्री गेली की हातपाय दिसू लागतात. पैलवान एकमेकांच्या मानेत हात घालून घुटमळतात, तेव्हा पुढचं ठरत असतं. अंडरटेकरचे लांब केस तोंडावर पडलेले असत, त्यामुळे त्याचे ओठ हलताना क्वचितच दिसतात. ‘ओल्ड स्कूल’ हा त्याचा जुना डाव त्याने डॉन जार्डिनकडून उचलला: समोरच्याचं मनगट पिरगाळून धरायचं, वरच्या दोरावर चढायचं, दोरावरून चालत जायचं आणि खांद्यावर हात हाणायचा. कैद्यासारखा दिसणारा समोरचा माणूस खरं तर त्याचा कठडा असतो. त्याने हात सैल सोडला तर एवढा उंच माणूस थेट खाली.

टूमस्टोन या त्याच्या डावाचं आणखी वेगळं. समोरचा उलटा, डोकं खाली, पोटाला पोट. डोकं गुडघ्यांच्या रेषेच्या वर धरायचं आणि गुडघ्यांवर उतरायचं, म्हणजे टाळू मॅटला लागत नाही. ३ ऑगस्ट १९९७ च्या समरस्लॅममध्ये ओवेन हार्टने याच जातीचा डाव टाकताना गुडघ्यांवर न उतरता बसकण मारली आणि स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली. तो काही क्षण हलूही शकला नाही. अंडरटेकरने हा डाव तीन दशकं टाकला. समोरच्याने आपली मान विश्वासाने त्याच्या हाती द्यावी, हे त्याचं या धंद्यातलं खरं प्रमाणपत्र, आणि ते कुठल्याच पत्त्यावर छापलेलं नव्हतं.

मेलेला माणूस जिवंत व्हायला लागला तो १९९६-९७ मध्ये. मिक फोली मॅनकाइंड होऊन आला. अंडरटेकरपेक्षा विक्षिप्त आणि मार खायला कितीही तयार. त्याच्यासमोर अंडरटेकरला पहिल्यांदा धावावं लागलं, चिडावं लागलं. मग ब्रेट हार्ट. सप्टेंबर १९९७ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला झालेला त्यांचा सामना यादीत फारसा कोणी धरत नाही, शेवटही डिसक्वालिफिकेशनचा. पण ब्रेट हा एका अवयवाच्या मागे लागणारा शिस्तीचा कारागीर. तो पाय धरून बसतो आणि अंडरटेकर लंगडायला लागतो. पुढची प्रत्येक हालचाल त्या लंगडण्यातून येते. सात वर्षांपूर्वीच्या अंडरटेकरला हे परवडलंच नसतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ५ ऑक्टोबरला सेंट लुइसमध्ये पहिला ‘हेल इन अ सेल’ झाला. समोर शॉन मायकल्स. रिंगभोवती वर छत असलेला जाळीचा पिंजरा, बाहेर पडायला वाट नाही. शॉन आगाऊ, उद्धट आणि पडण्यात त्या काळातला सगळ्यात सरस. अंडरटेकर घाई करत नाही. तो नुसता चालतो, शॉन मागे सरकतो, जाळी पाठीला लागते. प्रेक्षकाला पिंजऱ्याचा उपयोग एकही वाक्य न ऐकता कळतो. विलंबित ख्यालात गवई समेआधी जसा अंत पाहतो, तसा हा फटक्याआधी पाहतो. शेवटी अंडरटेकरचा कथेतला भाऊ केन पहिल्यांदा अवतरतो आणि निकाल शॉनच्या पदरात पडतो, तरी रात्र अंडरटेकरची ठरते. सामन्यांना तारे देणाऱ्या डेव्ह मेल्त्झरने याला पाच दिले. त्यानंतर कंपनीच्या सामन्याला पाच तारे मिळायला २०११ उजाडलं.

लोकांना आठवतो तो मात्र पुढच्या वर्षीचा पिंजरा. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. मॅनकाइंडला सोळा फुटांवरून टेबलावर फेकलं ती फीत आजही मोबाइलवर फिरते. थोड्या वेळाने तोच माणूस परत वर चढला आणि छताची जाळी फाटून रिंगमध्ये कोसळला. सामना म्हणून हा विस्कळीत आहे आणि तो सर्वस्वी फोलीचा आहे. अंडरटेकरचं त्या रात्रीचं काम एवढंच की, स्वतःच्या पायाचं हाड मोडलेलं असताना त्या छतावर उभं राहायचं आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. थोरल्या सामन्यांच्या यादीत याला वरचा नंबर देणारे प्रसंगाची आणि सामन्याची गल्लत करतात.

२००० मध्ये तो मोटरसायकलवर आला, कोट-हॅट गेली. बऱ्याच चाहत्यांना ही वर्षं नकोशी वाटतात. पण १ जुलै २००२ चा मँचेस्टर, न्यू हॅम्पशायरमधला जेफ हार्डीबरोबरचा शिडीचा सामना पाहावाच. टीव्हीवरच्या सोमवारच्या साध्या भागातला सामना. चॅम्पियन अंडरटेकर त्या पोरसवद्याला बेदम चोपतो, हार्डी पुन्हा पुन्हा शिडी चढतो, आणि एका क्षणी प्रेक्षकांना खरोखर वाटतं की बेल्ट आता हातात आला. जिंकून निघालेला अंडरटेकर परत येतो आणि हार्डीचा हात वर करतो. त्या रात्री मोठा झाला तो हरलेला.

असंच, पण उलट्या दिशेने, २००६ मध्ये ग्रेट खलीचं झालं. दलीप सिंग राणा हे प्रचंड धूड, पण गुडघे वाकायला तयार नाहीत आणि डावांचा साठा जेमतेम. ‘जजमेंट डे’ या कार्यक्रमात अंडरटेकर त्याच्याकडून दहा मिनिटांच्या आत चीत झाला. भारतात जल्लोष झाला, तो रास्तच. सामना मात्र अंडरटेकरने पाठीवर वाहून नेला होता. ज्याच्या एका थपडेने अंडरटेकर कोसळतो तो राक्षसच असणार, एवढं पटवून देणं हीच कामगिरी. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाल्टिमोरला कर्ट अँगलशी झालेली लढत ज्याला ‘अंडरटेकरला कुस्ती कुठे येते’ असं वाटतं त्याला दाखवावी. अँगल ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता. मॅटवर पकडी आणि प्रतिपकडींची अर्ध्या तासाची देवघेव, आणि अंडरटेकर कुठेही मागे नाही.

मग येतो सगळ्यात नवलाचा भाग. बहुतेक पैलवान पस्तिशीनंतर ओसरतात. याचे उत्तम सामने बेचाळीस ते अठ्ठेचाळीस या वयातले. कारण रेसलमेनियातली विजयाची मालिका. ती कोणी आखली नव्हती. १९९१ मध्ये जिमी स्नूकाला हरवलं तेव्हा ती मोजायचं कोणाच्या मनातही नव्हतं. २००२ मध्ये रिक फ्लेअरला हरवल्यावर त्याने बोटांवर दहा मोजून दाखवले आणि २००५ मध्ये रँडी ऑर्टनपासून मालिका हाच कथेचा विषय झाला. आता किताब नसला तरी चालत होतं. प्रत्येक वेळी खांदे टेकले की स्टेडियम श्वास रोखायचं.

५ एप्रिल २००९, ह्यूस्टन, रिलायंट स्टेडियम. अंडरटेकरचं जन्मगाव, समोर पुन्हा शॉन मायकल्स, तोही टेक्सासचाच. शॉन पांढऱ्या कपड्यांत वरून खाली उतरला, अंडरटेकर जमिनीखालून वर आला. अर्ध्या तासाच्या या सामन्याची पहिली दहा मिनिटं साधी आहेत. शॉन पळतो, चिमटे काढतो, अंडरटेकर कोपऱ्यात गाठतो. मग अंडरटेकर वरच्या दोरावरून बाहेर झेपावतो. शॉन एका कॅमेरामनला मध्ये ओढतो. तो कॅमेरामन खरा नव्हता. झेलण्यासाठी उभा केलेला पैलवान होता, जिमी स्नूकाचा मुलगा सिम. अंदाज हुकला, झेल नीट बसला नाही आणि अंडरटेकर जवळजवळ मानेवर पडला. फीत थांबवून पाहिली तरी पोटात गोळा येतो.

इथून सामना वेगळाच होतो. बाहेर पडलेल्या अंडरटेकरसाठी पंच आकडे मोजतो आणि तो जेमतेम आत येतो. ठरलेलं किती आणि खरं किती, हे ओळखता येत नाही. चोकस्लॅम, शॉनची लाथ, लास्ट राइड, कशानेच तीनचा आकडा पुरा होत नाही. मग टूमस्टोन. शॉन खांदा उचलतो. कॅमेरा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथे चक्क भीती असते. अठरा वर्षं ज्या चेहऱ्यावर काही दाखवलं नव्हतं, त्यावर डोळे फाटलेले. त्या एका भावाची किंमत आधीच्या सगळ्या दगडी वर्षांनी मोजलेली आहे. शेवटी शॉन दोरावरून मागे उलटी उडी घेतो, अंडरटेकर त्याला हवेत झेलतो, आणि पुन्हा टूमस्टोन.

पुढच्या वर्षीचा दुसरा अंक काहींना सरस वाटतो. हरला तर शॉनची निवृत्ती, ही अट होती. शेवटी गुडघ्यांवर आलेला शॉन गळा चिरल्याची खूण करतो आणि थोबाडीत देतो, ते दृश्य विसरता येत नाही. तरी पारडं ह्यूस्टनकडेच झुकतं. अटीमुळे दुसऱ्या सामन्याचा शेवट आधीच अर्धा कळला होता. २०११ मध्ये ट्रिपल एचविरुद्ध अंडरटेकर जिंकला खरा, पण चालत जाऊ शकला नाही. त्याला गाडीवरून न्यावं लागलं. २०१२ मध्ये त्याच दोघांचा पिंजरा आणि पंच म्हणून शॉन. सामना थोडा नाटकी, पण तिघांचे चेहरे पाहण्यासारखे. २०१३ चा सीएम पंक त्या मानाने चपळ आणि कोरडा, म्हणूनच उजवा.

६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरने मालिका तोडली. फलकावर २१-१ झळकलं, गर्दीतले चेहरे सुन्न. सामना स्वतः जड होता. अंडरटेकरच्या मेंदूला मार बसला होता आणि नंतर त्यानेच सांगितलं की तो सामना आपल्याला आठवत नाही. त्यानंतरची वर्षं चाळताना हात आखडता घ्यावासा वाटतो. २०१७ चा रोमन रेन्सविरुद्धचा सामना त्याला स्वतःलाच पाहून खटकला, आणि ‘द लास्ट राइड’ या माहितीपट-मालिकेत त्याने ते मोकळेपणाने सांगितलं. नीट शेवट करण्यासाठी तो परत येत राहिला आणि २०१९ मध्ये जेद्दाहला गोल्डबर्गसमोर पोचला. एक ५४ वर्षांचा, दुसरा ५२ चा. गोल्डबर्ग खांबावर डोकं आपटून रक्तबंबाळ झाला, मग त्याच्याकडून अंडरटेकर डोक्यावर आदळता आदळता वाचला. कारकिर्दीच्या हिशेबात हा सामना धरू नये म्हणणारे प्रेमळ आहेत, पण धरायला हवा. शरीर उत्तर देत नसेल तर थांबून अंत पाहण्याची कलाही चालत नाही, हे तिथे उघडं दिसतं.

२०२० चा एजे स्टाइल्सविरुद्धचा ‘बोनयार्ड’ रात्री स्मशानाच्या सेटवर, प्रेक्षकांविना, तुकड्या-तुकड्यांत चित्रित केला. फर्मास करमणूक आहे. पण तिथे संकलकाची कात्री वेळ राखते, पैलवान नाही; तेव्हा तो या यादीबाहेर. यादी बर्मिंगहॅमपासून सुरू करून पंकपर्यंत संपवावी. ज्याच्याकडे एकाच संध्याकाळची सवड असेल त्याने ह्यूस्टनचा सामना लावावा, पहिली दहा मिनिटं पुढे न पळवता.